वाचक विचारतात : हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागातील परिचारिकांचे पुढील शिक्षण

हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिकांसाठी कोणकोणते पदव्युत्तर शिक्षण उपलब्ध आहे आणि ते घेण्यासारखे आहे का, असे विचारणारी बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या रुग्णालयांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी जीएनएम (परिचर्येची पदविका) झाले असून सोलापूर जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयाच्या सीसीयूमध्ये, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, सहा वर्षे काम करते. आमच्याकडे आता कॅथलॅब (हृदयाच्या धमन्यांत नळी घालून तपासणी व उपचार करण्याचा कक्ष) सुरू झाली आहे. सहकारी एमएस्सी करण्याचा आग्रह करतात, पण घरी दोन लहान मुले आहेत. मी काय करावे?

जीएनएमनंतर थेट एमएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळत नाही. त्याआधी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी पूर्ण करावे लागते आणि एमएस्सीची आणखी दोन वर्षे धरली, तर हा प्रवास किमान चार वर्षांचा होतो. तुम्हाला रुग्णाजवळ राहूनच काम करायचे असेल, तर भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा हा मार्ग अधिक योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी नोंदणीकृत परिचारिका असणे आणि किमान एक वर्षाचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव असणे पुरेसे असते. जीएनएम आणि बीएस्सी या दोघींनाही तो खुला आहे. हृदय व वक्षविकार परिचर्या आणि अतिदक्षता परिचर्या असे त्याचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. सीसीयू आणि कॅथलॅब हेच तुमचे क्षेत्र राहणार असल्याने तुम्ही पहिला निवडावा.

हा अभ्यासक्रम पूर्णवेळ निवासी प्रशिक्षणाच्या धर्तीवर चालतो. सुमारे एक दशांश वेळ वर्गातील शिक्षणाला आणि उरलेला सगळा वेळ वॉर्डात, अशी त्याची मांडणी आहे. त्यामुळे संस्था निवडताना वर्गखोल्या आणि माहितीपत्रकाचा गुळगुळीत कागद पाहू नका, रुग्णालय पाहा. तेथे बायपास आणि झडपांच्या शस्त्रक्रिया नियमित होतात का, लहान मुलांच्या जन्मजात हृदयदोषांवर उपचार होतात का, रात्रीच्या पाळीतही शिकवणारे कोणी उपस्थित असते का, हे तेथून शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या सिस्टरकडून समजून घ्या. काही ठिकाणी विद्यार्थिनींना ड्यूटीच्या तक्त्यात केवळ कमी पडणाऱ्या हातांची भरपाई म्हणून धरले जाते. निवासी प्रशिक्षणात काम करावे लागतेच आणि ते योग्यही आहे. मात्र काम करवून घेणारे सगळे आणि शिकवणारे कोणीच नाही, अशी अवस्था असेल तर ते वर्ष वाया जाते. संस्थेला त्या शैक्षणिक वर्षासाठी मान्यता आहे की नाही, याची खात्री परिषदेच्या यादीतून स्वतः करून घ्या. २०२३ मध्ये या परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झालेला असल्याने जुन्या माहितीपत्रकांवर विसंबू नये. डिप्लोमा मिळाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अतिरिक्त अर्हता म्हणून त्याची नोंद करून घेण्यासही विसरू नका.

प्रश्न : माझे बीएस्सी नर्सिंग झाले असून पुण्यात कार्डियाक आयसीयूमध्ये दोन वर्षांचा अनुभव आहे. हृदय व वक्षविकार परिचर्येत एमएस्सी करावी की नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा अभ्यासक्रम घ्यावा?

दोन्ही पदव्या दोन वर्षांच्या आहेत आणि दोन्हींसाठी बीएस्सीला ५५ टक्के गुण व किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. फरक त्यांच्या रोखात आहे. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी वैद्यकीय-शल्य परिचर्येबरोबर अध्यापनशास्त्र, संशोधन आणि संख्याशास्त्र असते. हृदय व वक्षविकार ही उपशाखा मुख्यतः दुसऱ्या वर्षी येते, त्या वर्षी व्यवस्थापन शिकावे लागते आणि प्रबंधही लिहावा लागतो. म्हणजे ही पदवी अध्यापक आणि प्रशासक घडवण्याकडे झुकलेली आहे. नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमाचा भर मात्र विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि रुग्णतपासणी यांच्या प्रगत ज्ञानावर व प्रदीर्घ वॉर्डप्रशिक्षणावर आहे. रुग्णालयाने ठरवून दिलेल्या लेखी कार्यपद्धतीच्या चौकटीत निर्णय घेऊ शकणारी परिचारिका तयार करणे, हा त्याचा हेतू आहे.

शिकवायची ओढ असेल तर एमएस्सी करा. खाटेजवळ राहायचे असेल तर दुसरा अभ्यासक्रम मला अधिक मोलाचा वाटतो. त्यात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नर्स प्रॅक्टिशनर हे स्वतंत्र पद सर्वत्र निर्माण झालेले नाही, त्यामुळे पदवी घेऊन परतलेल्या परिचारिकेला पुन्हा पूर्वीच्याच पदावर आणि पूर्वीच्याच अधिकारांत काम करावे लागण्याची शक्यता आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच आपल्या मेट्रनशी आणि आयसीयूच्या प्रमुखांशी बोला, परत आल्यावर आपले काम काय असेल हे विचारा आणि शक्य असल्यास ते लेखी घ्या.

प्रश्न : माझी मुलगी मुंबईत कार्डियाक आयसीयूत नोकरी करते आणि आता नोकरी सोडून वर्षभराचा डिप्लोमा करायचा म्हणते. ती रोज तेच काम करीत असताना आणखी काय शिकणार आहे, हे मला कळत नाही. (रत्नागिरीहून एक वडील)

तुमचा प्रश्न रास्त आहे. अनुभव मोठा गुरू आहे, पण त्याने दाखवलेल्या गोष्टीचा अर्थ लावता आला नाही, तर तीच चूक वर्षानुवर्षे सराईतपणे होत राहते. याचे उदाहरण माझेच देते.

नोकरीचे दुसरे वर्ष असेल. बायपास झालेला एक रुग्ण रात्री माझ्याकडे होता. छातीतील ड्रेनमधून ताशी दीडशे मिलीलिटरच्या आसपास रक्त येत होते आणि त्याची मला काळजी लागून राहिली होती. पहाटे तीनच्या सुमारास ते जवळजवळ थांबले. मी समाधानाने तक्त्यात ‘रक्तस्राव कमी’ अशी नोंद केली. इन्चार्ज सिस्टर फेरीवर आल्या, त्यांनी ती नोंद वाचली आणि लगेच मॉनिटरकडे पाहिले. नाडी वाढली होती, रक्तदाब उतरत होता, मध्यवर्ती शिरेतील दाब चढत होता आणि तासाभरात लघवी अगदी थोडी झाली होती. रक्त यायचे थांबलेले नव्हते. नळीत गुठळी अडकली होती आणि रक्त हृदयाभोवती साठून त्याला दाबत होते; यालाच टॅम्पोनाड म्हणतात. वीस मिनिटांत रुग्ण पुन्हा शस्त्रक्रियागृहात गेला आणि वाचला. हे चारही आकडे माझ्याच हाताने तक्त्यात उतरले होते, पण चार आकड्यांचे मिळून एक वाक्य होते हे मला कोणी शिकवलेले नव्हते. पुढे मी औपचारिक प्रशिक्षण घेतले, त्यामागे ती रात्र होती.

तुमची मुलगी हेच वाचायला शिकेल. धमनीतील आणि मध्यवर्ती शिरेतील दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला, म्हणजे काखेच्या मध्यरेषेवर चौथ्या बरगडीखालील जागेच्या समोर हवा, हे प्रत्येक परिचारिकेला सांगितलेले असते. पण तो दहा सेंटिमीटर खाली राहिला, तर आकडा सुमारे साडेसात मिलिमीटर पाऱ्याने जास्त दिसतो. मध्यवर्ती शिरेतील दाब मुळात आठ-दहाच्या घरात असताना ही चूक संपूर्ण निदान फिरवू शकते. हे एकदा स्वतः मोजून पाहिले की खाट वरखाली केल्यावर ट्रान्सड्यूसर तपासायला सांगावे लागत नाही. रक्तदाब टिकवण्यासाठी पंपातून सतत दिल्या जाणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून सिरिंज संपत आल्यावर दुसरा पंप आधीच चालू ठेवून मग पहिला बंद करायचा असतो. ही युक्ती पाहून उचलणारी परिचारिका आणि तिचे कारण जाणणारी परिचारिका यांच्यातील अंतर वेगळे औषध किंवा वेगळा रुग्ण समोर आला की लगेच दिसते.

बलून पंपाचेही तसेच आहे. महाधमनीत ठेवलेला हा फुगा हृदय शिथिल होताना फुगतो आणि आकुंचनाच्या ऐन आधी रिकामा होतो. त्यामुळे हृदयाला रक्त पोहोचवणाऱ्या धमन्यांचा पुरवठा सुधारतो आणि हृदयावरचा भार हलका होतो. यंत्र लावतात डॉक्टर, परंतु फुगा जागेवरून सरकला आहे हे बहुधा परिचारिकेलाच आधी कळते. तो वर सरकला तर डाव्या मनगटातील नाडी मंदावते आणि खाली सरकला तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा अडून लघवी कमी होते. म्हणून त्या रुग्णाची डावी नाडी, दोन्ही पावले आणि तासातासाची लघवी यांना फार महत्त्व असते.

आणखी एक गोष्ट नेहमीच्या आयसीयू अनुभवातून आपोआप येत नाही. छातीचे हाड उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हृदय बंद पडले, तर उपचारांचा क्रम इतर रुग्णांहून निराळा असतो. हृदयाची लय बिघडून कंप सुरू झाला असेल आणि शॉक मिनिटाभरात देता येत असेल, तर छाती दाबण्यापूर्वी लागोपाठ तीन शॉक देतात. एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिनचा नेहमीचा डोस सरसकट देत नाहीत, कारण हृदय पुन्हा चालू होताच रक्तदाब उसळून ताज्या टाक्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. आणि उपाय लागू पडला नाही, तर पाच मिनिटांच्या आत छाती पुन्हा उघडायची तयारी ठेवतात. ही पाच मिनिटे साधायची असतील, तर निर्जंतुक संच कोण उघडणार, शॉक कोण देणार, बाजूला उभे राहून वेळ कोण सांगणार हे सगळे आधी ठरलेले आणि वारंवार घोटलेले असावे लागते. हृदयरुग्णांसाठी वेगळे विभाग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत उभे राहिले, तेव्हा डॉक्टरांची वाट न पाहता शॉक देण्याचे प्रशिक्षण परिचारिकांना देण्यात आले, कारण खाटेपाशी सतत त्याच असत. आपल्याकडेही खाटेपाशी त्याच असतात.

तेव्हा मुलीला जाऊ द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिच्या रुग्णालयाकडून प्रशिक्षणासाठी रजा मिळण्याची शक्यता मात्र राजीनामा देण्यापूर्वी जरूर तपासा. सेवेत राहून आलेल्या उमेदवाराला नियमित वेतन आणि इतरांना विद्यावेतन द्यावे, असे या अभ्यासक्रमात अपेक्षित आहे.

प्रश्न : तीन महिन्यांचे ‘ऑनलाइन कार्डियाक क्रिटिकल केअर’ प्रमाणपत्र घेतले तर ते पदव्युत्तर शिक्षण मानले जाईल का? नंतर इंग्लंडला जाण्याचाही माझा विचार आहे. (मडगावहून एक परिचारक)

मानले जाणार नाही. अशा वर्गांतून ईसीजी वाचण्याचा चांगला सराव होऊ शकतो आणि त्या हेतूने जरूर शिका, पण त्याची परिषदेकडे अतिरिक्त अर्हता म्हणून नोंद होत नाही. बीएलएस आणि एसीएलएस ही (हृदय बंद पडल्यावरच्या प्राथमिक आणि प्रगत जीवरक्षक उपचारांची) प्रमाणपत्रे वेगळी. ती आवश्यक आहेत आणि दर दोन वर्षांनी त्यांचे नूतनीकरण करावे लागते.

इंग्लंडमध्ये आधी तेथील परिचर्या परिषदेची इंग्रजीची अट, संगणकावरील परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा पूर्ण करून नोंदणी मिळवावी लागते. भारतातील डिप्लोमामुळे यातील काहीही माफ होत नाही. मात्र तेथील अतिदक्षता विभागांत निम्म्या तरी परिचारिकांकडे नोंदणीनंतरचे अतिदक्षता प्रशिक्षण असावे असा दंडक आहे आणि नव्याने आलेल्यांकडून टप्प्याटप्प्याने कौशल्ये तपासून घेतली जातात. येथे नीट शिकून गेलेल्या परिचारकाला ते टप्पे जड जात नाहीत. म्हणून आधी येथे किमान दोन वर्षे चांगल्या कार्डियाक आयसीयूत काढा आणि ज्या ज्या प्रक्रिया स्वतः केल्या त्यांची तारीखवार नोंदवही वरिष्ठांच्या सहीने ठेवा. मुलाखतीत तिचा उपयोग होतो.

प्रश्न : डिप्लोमा करून मी जुन्याच रुग्णालयात परतले. रात्री रुग्ण बिघडतो आहे हे मला कळते, पण फोनवर सांगितले की ‘सकाळी बघू’ असे उत्तर मिळते. मग या शिक्षणाचा उपयोग काय?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ही वेदना मला परिचयाची आहे आणि तिचा दोष तुमच्याकडे नाही. तरीही आपल्या हातात काय आहे, ते सांगते.

फोन करण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. आत्ता काय घडते आहे, रुग्णाची पार्श्वभूमी काय, तुमच्या मते कशाची शक्यता आहे आणि तुम्हाला नेमके काय हवे आहे. बहुतेक परिचारिका पहिल्या दोन गोष्टी सांगून थांबतात, कारण आपले मत सांगणे म्हणजे मर्यादा ओलांडणे, असे आपल्यावर बिंबवलेले असते. ‘सर, पेशंट जरा अस्वस्थ वाटतो’ या वाक्याला ‘सकाळी बघू’ हेच उत्तर मिळते. ‘सर, तीन तासांपूर्वी झडप बदललेल्या रुग्णाचा ड्रेन अचानक थांबला आहे, मध्यवर्ती शिरेतील दाब आठवरून सोळा झाला आहे, रक्तदाब नव्वदच्या खाली आहे, मला टॅम्पोनाडची शंका आहे, आपण लगेच यावे आणि येईपर्यंत इको मशीन आणून ठेवू का,’ असे विचारल्यावर ते उत्तर देणे फार अवघड होते. फोनची वेळ, तुम्ही सांगितलेले आकडे आणि मिळालेले उत्तर तक्त्यात जसेच्या तसे लिहा. दहा मिनिटांत काही घडले नाही तर त्यांच्या वरिष्ठांना फोन करा आणि तसे करीत असल्याचे आधी त्यांनाही सांगा.

कोणत्या आकड्याला कोणाला बोलवायचे, याची एक पानाची लेखी पद्धत विभागात लावून घेण्यासाठी मेट्रनमार्फत प्रस्ताव द्या. ताशी किती मिलिलिटर ड्रेन, किती रक्तदाब, किती लघवी, हे आकडे शल्यचिकित्सकांकडूनच ठरवून त्यावर त्यांची सही घ्या. मग रात्री तीन वाजता फोन लावताना तुम्ही त्यांनीच घालून दिलेला नियम पाळत असता. प्रस्ताव लिहिताना अडचण आली तर मसुदा माझ्याकडे पाठवा, मी वाचून दुरुस्त्या सुचवीन.