दंडावरचा वण आणि गोवराची सुई

दिवाळी तोंडावर आली की बीड जिल्ह्यातील आमच्या ग्रामीण रुग्णालयात ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची घाई सुरू होते. अशाच एका टोळीच्या निघण्याच्या आदल्या दिवशी, आशाताईंनी फारच आग्रह धरला म्हणून, एक आजी नऊ महिने पूर्ण झालेल्या नातवाला घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. सून मागे उभी होती. (ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.) बाळाच्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, वण दाखवत आजी म्हणाल्या, “बाई, ही लस समद्या रोगांवर चालती, असं कोरोनात लोक सांगत होते. मग आता गोवराची सुई कामून टोचायची? वाटेत ताप आला तर लेकराला घेऊन कुठं जावं?”

आजींनी ऐकले होते ते अगदीच निराधार नव्हते, म्हणून मी ते झिडकारले नाही. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या देशात संशोधक पीटर आबी यांनी १९७८ पासून केलेल्या कामात असे दिसले होते, की जन्मतः बीसीजी मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये, क्षयाशी संबंध नसलेल्या आजारांनी होणारे मृत्यूही कमी होतात. परंतु भारतात २ किलोपेक्षा कमी वजनाच्या नवजात बाळांना रशियन वाणाची बीसीजी देऊन झालेल्या चाचण्यांत मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बीसीजीने कोविडपासूनही बचाव केला नाही. बीसीजीचे खात्रीचे काम म्हणजे लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून आणि शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवणे. तिच्या भरवशावर दुसरी लस सोडता येत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

इतर आजारांपासून बचाव करण्याच्या बाबतीत खरी मोलाची लस आजी नाकारत होत्या तीच आहे. गोवराचा विषाणू शरीराच्या संरक्षक पेशींमध्येच शिरतो आणि पूर्वी ओळखीच्या झालेल्या जंतूंची आठवण पुसून टाकतो. लस न घेतलेल्या ७७ डच मुलांचे रक्त गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासले, तेव्हा त्यांच्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील प्रथिनांच्या, साठ्यातील ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणूनच गोवर अंगावरून गेल्यावर पुढे न्यूमोनिया आणि जुलाब मुलांना गाठतात, आणि ही दुर्बलता दोन-तीन वर्षेही टिकू शकते.

हे आकडे आजींना सांगून काय उपयोग होता? मी विचारले, “मुकादमाची वही पावसात भिजली आणि उचल कुणी किती फेडली ते पुसलं गेलं, तर काय होईल?”

“पुन्हा पहिल्यापासून फेडावं लागंल की,” त्या लगेच म्हणाल्या.

“गोवर झालेल्या लेकराचं तसंच होतं, आजी. एकदा निभावलेल्या आजाराशी त्याला पुन्हा झगडावं लागतं. लस वही भिजू देत नाही.” मात्र ही लस डेंग्यू किंवा टायफॉइड थोपवत नाही, हेही मी लगोलग सांगितले, कारण तसे न सांगितल्यास पहिल्याच तापाला घरात लसीवरचा विश्वास उडतो.

तापाची भीती मात्र रास्त होती. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर काही बाळांना साधारण पाच ते बारा दिवसांत हलका ताप येतो, म्हणजे तो आलाच तर फडावर, कोपीत येणार. त्यामुळे वजनानुसार पॅरासिटामॉल किती द्यायचे ते सिस्टरने सुनेला समजावले, आणि बाळ दूध पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा झटका आला तर थेट जवळच्या सरकारी दवाखान्यात जाण्यास सांगितले.

सुनेने तोवर एक शब्द काढला नव्हता. तिने बाळाला सासूच्या मांडीवरून उचलले आणि सिस्टरसमोर जाऊन बसली. गोवर-रुबेला, न्यूमोकोकल, पोलिओची सुई आणि अ जीवनसत्त्व असे नवव्या महिन्याचे सर्व डोस त्याच दिवशी पूर्ण झाले. लस दिल्यावर अर्धा तास त्यांना थांबवून ठेवले, तेवढ्या वेळात आजींनी बाळाचे कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत नीट घडी न मोडता घातले. पुढचा डोस सोळाव्या महिन्यात, म्हणजे मे महिन्यात होता. “तवा आम्ही गावीच असतो,” त्या म्हणाल्या.