ज्यू मित्राने कॉलेजात शब्बाथच्या जेवणाला बोलावलंय. मी हिंदू, जाऊ का?

जरूर जा. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ. १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली ‘हिलेल’ ही ज्यू विद्यार्थ्यांची संस्था आज अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत शुक्रवारी असं जेवण ठेवते. इतर धर्मांची मुलंही येतात. सूर्यास्ताआधी मेणबत्त्या लागतात, मग वाइनच्या नाहीतर द्राक्षरसाच्या प्याल्यावर किद्दुश ही आशीर्वादाची प्रार्थना म्हणतात. हात धुतल्यावर काही जण एकदम गप्प होतील, गोंधळू नका: कापडाखाली झाकलेल्या, वेणी घातल्यासारख्या खल्ला ब्रेडचा तुकडा तोंडात पडेपर्यंत बोलायचं नसतं. घरचे लाडू नेऊ नका, कोशरचा, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या धार्मिक नियमांचा, प्रश्न येतो. फोन खिशातच बरा, शब्बाथ पाळणारे त्या दिवशी तो वापरत नाहीत.

आणि त्यांना आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींबद्दल नक्की सांगा. मराठी बोलणारे ज्यू! शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे.