निकामी सर्किट बोर्ड, जिवाणू आणि मोरचूद

प्रश्न : आमचे गुहागरला टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचे दुकान आहे. खाऱ्या हवेमुळे इथे सर्किट बोर्ड लवकर खराब होतात आणि निकामी बोर्डांची पोती साठत जातात. जिवाणूंच्या साहाय्याने त्यांतील सोने-तांबे काढता येते, असे वाचनात आले. घरामागच्या टाकीत हा प्रयोग करता येईल का? त्यात तयार होणारे निळे पाणी मोरचुदाचेच असते म्हणतात. ते पोफळींच्या फवारणीसाठी वापरले तर चालेल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, परंतु त्यामागची कारणे समजून घेण्याजोगी आहेत.

या कामी प्रामुख्याने वापरला जाणारा जिवाणू म्हणजे अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यात तो १९४७ मध्ये प्रथम ओळखला गेला, आणि हलक्या प्रतीच्या खनिजातून तांबे मिळवण्यासाठी खाणउद्योग त्याचा उपयोग फार पूर्वीपासून करत आला आहे. हा जिवाणू धातू खातो, असा समज सर्रास आढळतो, पण तो खरा नाही. हिराकशीच्या (फेरस सल्फेटच्या) द्रावणातील फेरस लोहाचे फेरिक लोहात रूपांतर करून तो आपली ऊर्जा मिळवतो आणि कार्बन हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून घेतो. बोर्डातील तांबे विरघळवते ते हे फेरिक लोह. तसे करताना त्याचे पुन्हा फेरस होते आणि जिवाणू ते परत फेरिक करून देतो. म्हणजे तांबे काढणारे रसायन सतत ताजे ठेवणे, एवढेच त्याचे काम असते, आणि तेवढ्यामुळेच तीव्र तेजाब मोठ्या प्रमाणात वापरण्याची किंवा बोर्ड भट्टीत जाळण्याची गरज कमी होते.

अडचण अशी की त्याला सुमारे दोन सामू (पीएच) म्हणजे चांगलेच आम्ल पाणी, तिशीच्या आसपासचे तापमान आणि भरपूर हवा लागते. बोर्डांची भुकटी स्वतः आम्ल शोषून घेते आणि तिच्यातील धातू जिवाणूंना मारक ठरतात. म्हणून जिवाणू आधी स्वतंत्र वाढवून मग लिटरमागे थोडीथोडी भुकटी घालतात आणि कित्येक दिवस थांबतात. शिवाय बोर्ड दळताना उडणारी धूळ श्वासावाटे आत जाणे, हे दुकानात राहणाऱ्या माणसासाठी टाकीपेक्षाही वाईट आहे.

सोन्याचा मोह तर मी प्रथमच सोडायला सांगेन. फेरिक लोहाच्या द्रावणात सोने विरघळत नाही. त्यासाठी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा जांभळा जिवाणू वापरतात आणि तो चक्क सायनाइड तयार करतो. हे काम अल्कधर्मी द्रावणात चालते. तांबे काढण्याच्या आधीच्या टप्प्यातील आम्ल भुकटीवरून नीट न धुता ती या द्रावणात घातली तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. शिवाय तांबे आधी पुरते निघाले नसेल, तर सायनाइडचा बराचसा भाग तेच खाऊन टाकते. हा जिवाणू क्वचित माणसालाही बाधतो, आणि तेव्हा आजार गंभीर असतो.

आता मोरचुदाविषयी. निळे पाणी हे मुख्यतः कॉपर सल्फेटचेच द्रावण असते, इथपर्यंत आपण ऐकलेले बरोबर आहे. फळे कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी पोफळीवर मारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणात एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे प्रमाण पाळता येते, कारण विकतच्या मोरचुदात तांबे किती, हे ठरलेले असते. टाकीतल्या पाण्यात तांब्याबरोबर निकेल, जस्त आणि कधी कॅडमियमही उतरते आणि भरपूर लोह व आम्ल असतेच. डाखाचे शिसे मात्र बहुतांशी सल्फेट होऊन तळाच्या गाळात राहते, आणि तो गाळ वाडीत किंवा पऱ्ह्यात (ओढ्यात) टाकला तर कोकणच्या पावसात तिथेच राहील, याची हमी कोण देणार? कारखान्यात या द्रावणातून तांबे विजेने वेगळे काढतात किंवा भंगार लोखंड घालून खाली बसवतात, आणि उरलेले पाणी शुद्ध केल्याखेरीज सोडत नाहीत.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार नोंदणीशिवाय पुनर्चक्रीकरणाचा व्यवसाय करता येत नाही. आपण बोर्ड न फोडता, न जाळता, पावसाचे पाणी लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवावेत आणि पुरेसे साठले की नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावेत. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या त्यांत मिसळू नयेत. त्यांना २०२२ चेच वेगळे नियम आहेत, आणि नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे परत देणे सोपे पडते.