उच्च तापमानाचे सुपरकंडक्टर, म्हणजे गार केल्यावर विरोधाशिवाय वीज वाहून नेणारे पदार्थ, १९८६ साली सापडले, तरी त्यांची वायर इतकी महाग का? घरात तांब्याऐवजी ती का वापरत नाहीत?

महाग, कारण आतलं द्रव्य सिरॅमिक आहे. वायबीसीओ, म्हणजे यिट्रियम-बेरियम-तांब्याचं ऑक्साइड, याची तांब्यासारखी तार ओढता येत नाही, आणि त्याचे स्फटिककण एकमेकांशी थोडे जरी तिरके बसले तरी प्रवाह वाहण्याची क्षमता धडाधड घसरते. म्हणून हॅस्टेलॉय या निकेलच्या मिश्रधातूची पातळ पट्टी गुळगुळीत करायची, तिच्यावर आयनांच्या झोताखाली मॅग्नेशियम ऑक्साइड असा चढवायचा की सगळे स्फटिक एका दिशेने लागतील, त्यावर एक-दोन मायक्रॉन सुपरकंडक्टर, मग चांदी, मग तांबं. ही वायर म्हणजे खरं तर पट्टीच, आणि ती शेकडो मीटर सलग. मध्ये कुठे खोट राहिली तर तिथे कापावं लागतं. आधीच्या पिढीत बिस्मथ असलेल्या सुपरकंडक्टरची पूड चांदीच्या नळीत भरून ओढायचे, लाटायचे, भाजायचे. तिथे चांदीच खिसा कापायची.

पण महागडी पट्टी हातात आल्यावर लोक तिचं काय करतात, ते मी पाहिलंय. एका प्रयोगशाळेत मी कॉइल गुंडाळायचो. आमचे वरिष्ठ नायोबियम-टायटेनियम या जुन्या, धातूच्या सुपरकंडक्टरच्या चुंबकांवर वाढलेले. कॉइल झाली की इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत, बुडवायची, हा त्यांचा नियम. मी म्हटलं, सर, ही पट्टी लांबीच्या दिशेने भरपूर ताण सोसते, पण थर एकमेकांपासून ओढले गेले तर सोलून निघते. गार होताना इपॉक्सी जास्त आकसते आणि नेमकी तशीच ओढते. जपानी संशोधकांनी २०१० मध्येच हे छापलंय, इपॉक्सीऐवजी मेण वापरू. उत्तर आलं, "मेण काय, देवापुढे लावायचंय?"

द्रव नायट्रोजनमध्ये घालून प्रवाह वाढवत नेला, तर अपेक्षेच्या निम्म्यावर पोचायच्या आतच व्होल्टेज चढायला लागलं, म्हणजे सुपरकंडक्टिंगपणा संपत आला. नंतर कॉइल कापली. एका वेढ्याचं तांबं इपॉक्सीला चिकटून उचललं गेलं, त्याच्या पोटाशी सुपरकंडक्टरचा काळा थर, आणि खाली उघडी चकाकणारी हॅस्टेलॉय. अहवालात काय लिहिलं? "टेपची बॅच सदोष." त्याच रिळातला उरलेला तुकडा मी मोजला होता, पूर्ण प्रवाह सोसत होता. तो आकडा अहवालात आलाच नाही. बिचाऱ्या पुरवठादाराच्या नावावर खापर.

फ्लोरिडात २०१७ साली ३२ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) गाठणाऱ्या चुंबकातल्या आतल्या कॉइल कोरड्या, म्हणजे इपॉक्सीशिवाय, गुंडाळलेल्या होत्या. एमआयटीच्या २०२१ च्या २० टेस्लाच्या चुंबकात पट्ट्यांच्या थप्प्या सोल्डरने भरल्या होत्या. जाणती माणसं काय करतात ते बघा.

घरातलं म्हणाल तर विषय सोडा. 'उच्च तापमान' म्हटलं तरी ७७ केल्व्हिन, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअस, कायम राखायचं आणि त्यावर पंखा-फ्रिज चालवायचा, हे परवडणारं नाही. जिथे जागा कमी आणि प्रवाह प्रचंड तिथेच ती शोभते. जर्मनीतल्या एसेन शहरात २०१४ मध्ये एक किलोमीटरची १० किलोव्होल्टची केबल जमिनीखाली टाकली, तिची वीज वाहण्याची क्षमता ४० एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) होती. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या एलएचसी या कणवेगकात चुंबकांना वीज पोचवणाऱ्या जोडण्या (लीड्स) बिस्मथवाल्या पट्टीच्या आहेत.

इपॉक्सी कधीच चालत नाही असं मात्र नाही. पट्टीवर पॉलिइमाइड या प्लास्टिकचं आवरण असेल तर इपॉक्सी पट्टीला तेवढी ओढत नाही. पण कॉइल करणार असाल तर गुंडाळण्याआधी रिळाचा एक तुकडा कापा, मोजा, आणि त्या आकड्यावर वरिष्ठांची तारखेसह सही घ्या.