फ्लश टाकीतून कमोडमध्ये सतत पाणी झिरपतंय. पूर्ण सेट बदलावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय की फ्लश न करताही कमोडच्या मागच्या बाजूने पाण्याची बारीक रेघ उतरत राहते, रात्री मधूनच टाकी आपोआप भरल्याचा आवाज येतो आणि प्लंबरने आतला सगळा सेट बदलायला सांगितलंय. सेट आणायची घाई करू नका. या खुणांवरून तरी काम बहुधा एका रबरी वॉशरचं आहे. मात्र काहीही विकत घेण्याआधी पाणी नेमकं कुठून निसटतंय ते पक्कं करा.

टाकीत पाणी शिरतं ते बॉल कॉकमधून (नव्या टाक्यांत फ्लोट व्हॉल्व्ह) आणि बाहेर पडतं ते तळाच्या फ्लश व्हॉल्व्हमधून. यातलं काहीही बिघडलं तरी पाणी कमोडमध्येच जातं, कारण हल्लीच्या टाक्यांत ओव्हरफ्लोची उभी नळी आतल्या आत कमोडमध्येच सुटते. म्हणून नुसतं भांड्याकडे बघून दोष कळत नाही.

परीक्षा सोपी आहे. टाकी पूर्ण भरू द्या, झाकण काढा, पाण्याच्या पातळीवर आतून पेन्सिलने रेघ मारा आणि टाकीचा अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा. अर्धा तास कुणी फ्लश करू नये. पाणी रेघेखाली गेलं तर गळती तळाच्या वॉशरमधून आहे. पातळी जागची हलली नाही, पण कॉक उघडल्यावर पाणी वर चढत जाऊन ओव्हरफ्लो नळीत सांडायला लागलं, तर दोष बॉल कॉकचा. पाणी थोडं उतरून एका ठरावीक उंचीवर थांबलं, तर त्या उंचीला ओव्हरफ्लो नळी चिरलेली असण्याची शक्यता जास्त. शंका उरली तर खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब टाकीत टाका आणि पंधरा मिनिटांनी भांड्यात रंग उतरलाय का बघा. हळद वापरू नका. ती नीट विरघळत नाही आणि प्लास्टिकवर डाग ठेवते.

याच रेघेवरून किती पाणी वाया जातंय तेही काढता येतं. टाकी आतून साधारण 40 सेंमी लांब आणि 20 सेंमी रुंद धरली, तर पातळी 1 सेंमी उतरणं म्हणजे 800 मिली. अर्ध्या तासात 1 सेंमी उतरत असेल तर दिवसाला 38 लिटर. टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायटीत ही धार महिनाभर तशीच ठेवणं मला अजिबात पटत नाही.

आता वॉशर. अँगल कॉक बंद ठेवूनच फ्लश करून टाकी रिकामी करा. झाकणावर दोन भागांचं बटण असेल तर बहुतेक टाक्यांत बटणाची बाहेरची कडी डावीकडे फिरवली की ती सुटते. काहींमध्ये छोटं बटण नखाने उचलल्यावर आत स्क्रू दिसतो. चिनी मातीचं झाकण जमिनीवर नको, जाड टॉवेलवर ठेवा. कोपरा टवकला की तसंच झाकण मिळणं कठीण. मग मधला प्लास्टिकचा मनोरा दोन्ही हातांनी धरून पाव फेरा डावीकडे फिरवा आणि उचला. तळाची बैठक टाकीतच राहते. मनोऱ्याच्या बुडाशी जी चपटी गोल चकती दिसेल, तोच तुमचा वॉशर.

बोटाने चाचपून बघा. बैठकीच्या दाबाने त्यावर गोल खाच पडलेली असते, किंवा रबर इतकं कुजलेलं असतं की बोटाला काळं लागतं. पण दोष दर वेळी वॉशरचाच नसतो, क्षारांचाही असतो. बोअरवेलचं जड पाणी असलेल्या घरांत बैठकीच्या कडेवर पांढरा खरखरीत थर बसतो आणि नवा वॉशरही त्यावर टेकत नाही. वॉशर बदलला तरी गळतं, या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवून कापड भिजवा, ते तासभर बैठकीवर ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. सँडपेपर किंवा तारेची घासणी नको. प्लास्टिकवर ओरखडा पडला की तिथून पाणी कायम झिरपेल. संडास साफ करायचं अ‍ॅसिड टाकीत ओतू नका, आणि लिंबूसत्त्व किंवा कुठलंही अ‍ॅसिड ब्लीचिंगमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

दुकानात जुना वॉशर सोबत न्या, कारण मापं कंपनीगणिक वेगळी असतात. मिळाला तर सिलिकॉनचा घ्या, तो काळ्या रबरापेक्षा टिकतो. तोवर निभावायला जुना वॉशर उलटा करून बसवा. खाच पडलेली बाजू वर जाते आणि काही आठवडे सहज निघतात. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्यांनी वॉशर लवकर कडक होतो, त्या बंद करा.

मनोरा परत बसवल्यावर झाकण लावण्याआधीच गळती थांबली का ते बघा. झाकण नसताना थांबते आणि झाकण लावलं की सुरू होते, असं झालं तर बटणाखालच्या दांड्या जास्त लांब राहिल्यात. त्या व्हॉल्व्हला सतत किंचित दाबून धरतात. दोन-तीन फेरे आत घ्या, बटण हलकं सैल लागायला हवं. बाजूच्या हँडलची आणि साखळीची टाकी असेल तर साखळीला सुमारे 1 सेंमी ढील ठेवा.

रेघेच्या परीक्षेत दोष बॉल कॉकचा निघाला, तर आधी पातळी बघा. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली 2 ते 2.5 सेंमी थांबायला हवं. फ्लोटच्या स्क्रूने ते खाली आणता येतं. चेंडू हलवून बघा. आत पाणी खळखळलं तर तो बदलायचा. पाणीपुरवठा बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावरच गळती लागली असेल तर आत गाळ अडकलाय. अँगल कॉक बंद करून व्हॉल्व्हची टोपी उघडा, त्यावर बादलीतला मग पालथा धरा आणि अँगल कॉक दोन सेकंद उघडून बंद करा. गाळ उडून जातो. एक चुकीचा उपाय सगळीकडे चालतो, तो म्हणजे अँगल कॉक अर्धा बंद ठेवणं. त्याने टाकी सावकाश भरते इतकंच. वाहणं थांबलं की व्हॉल्व्हवरचा दाब पूर्वीइतकाच असतो, कारण तो गच्चीवरच्या टाकीच्या उंचीवर ठरतो: 10 मीटरला साधारण 1 किलो प्रति चौरस सेंमी. त्यामुळे उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर बॉल कॉक लवकर जातात.

भिंतीवरची जुनी, आत सायफन असलेली टाकी असेल तर तळाचा वॉशर शोधत बसू नका. तिथे पाणी वळण चढून गेल्याशिवाय खाली उतरूच शकत नाही, म्हणून फ्लश न करता धार दिसली तर बहुतेक वेळा दोष बॉल कॉकचाच असतो.

भिंतीतली टाकी असेल आणि कुणी टाइल फोडावी लागेल म्हणालं, तर आधी बटणाची प्लेट काढायला लावा. वॉशर, फ्लोट, आतला कॉक हे सगळं त्याच खिडकीतून हाताने निघतं.

कनेक्शन पाइपच्या नटांत रबर असतं, तिथे टेफ्लॉन लागत नाही. हाताने आवळून पान्ह्याने जेमतेम पाव फेरा द्या. जास्त आवळलं तर प्लास्टिकचे आटे मरतात. वॉशर नवा, बैठक स्वच्छ, तरीही पाणी उतरतंय, तर बैठकीखालचा मोठा वॉशर गेलाय. त्यासाठी बाहेरची टाकी उतरवावी लागते. चिनी मातीची टाकी एकट्याने उतरवू नका, तिथे प्लंबरला बोलवा आणि फक्त तेवढंच काम सांगा.