टीव्ही संपत चाललाय, मग मुलीला त्यात का घालू?

सिंहगड रस्त्यावरच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला लाइव्ह प्रक्षेपणात काम करायचंय. ते लिहितात, "आमच्याच घरात टीव्ही धूळ खात पडलाय, सगळे मोबाइलवर बघतात. असल्या बुडत्या धंद्यात तिला कसं जाऊ देऊ?"

सप्रेम नमस्कार.

तुमची भीती खोटी नाही. पैसे भरून घ्यायच्या डीटीएच जोडण्या घटतायत, जाहिरातींचा पैसा मोबाइलकडे वळतोय. १९७३ पासून पुण्यात टीव्ही दिसू लागला तो सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे. पण अँटेनावर चित्र पाठवणारे देशभरातले बहुतेक जुने ट्रान्समीटर दूरदर्शनने आता बंद केलेत. त्यांच्या देखभालीची नोकरी ती मागत असती, तर मीच तिला नको म्हटलं असतं.

पण तिला जायचंय ते चित्र तयार होतं तिथे. २०२२ मध्ये आयपीएलच्या पुढच्या पाच हंगामांचे भारतीय उपखंडातले हक्क विकले गेले. टीव्हीचे २३,५७५ कोटींना, डिजिटलचे २०,५०० कोटींना, दोन वेगळ्या कंपन्यांना. मैदानावर मात्र मूळ चित्रण एकच. सीमारेषेवरचे कॅमेरामन तेच, बाहेर उभी ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची फिरती कंट्रोल रूम, तीच. आत कुणी सगळ्या कॅमेऱ्यांचे रंग जुळवतंय, कुणी चेंडू पडल्यापडल्या रीप्ले काढून ठेवतंय, कुणी बॅटचा आवाज आणि प्रेक्षकांचा गलबला यांचा मेळ घालतंय, आणि स्विचरवरचा माणूस क्षणाक्षणाला ठरवतोय की आता लोकांना काय दिसणार. प्रेक्षक घरातल्या टीव्हीवर बघतोय की पीएमटीत उभा राहून मोबाइलवर, याने त्या व्हॅनमधलं काम बदलत नाही. मालिका लोक सवडीने बघतील, पण सामना आणि मतमोजणी त्याच क्षणी बघावी लागते. म्हणून हे कौशल्य टिकेल, असं मला मनापासून वाटतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. ठरल्या वेळी कार्यक्रम आणि जाहिराती सोडायचं प्लेआउटचं काम आता बरंचसं सॉफ्टवेअर करतं. तिथे नोकरी मिळाली तर वर्षभर शिकायला जावं, मुरू नये. आणि स्टुडिओतलं चित्र हल्ली जुन्या केबलींऐवजी नेटवर्कवरून फिरू लागलंय. तिने या सुट्टीत नेटवर्किंगचा पाया पक्का केला, तर इलेक्ट्रॉनिक्सची पदवी तिला इतरांच्या पुढे नेईल.

पदवीनंतर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एफटीआयआयच्या, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या, टीव्ही विभागाची प्रवेश परीक्षा तिने जरूर द्यावी. तिथे दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन आणि ध्वनी यांचे एका वर्षाचे अभ्यासक्रम असतात. तिचा कल पाहता मी ध्वनी सुचवेन. जागा थोड्या असतात, तेव्हा एकाच परीक्षेवर भिस्त नको.

सुरुवातीची वर्षं कष्टाची जातील. काम दिवसाच्या हिशेबाने मिळतं, रात्री-बेरात्री संपतं. नेण्या-आणण्याची सोय कंपनी करते का, हे तिने पहिल्याच भेटीत विचारावं. त्यात संकोच नको.

विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी तुम्ही दोघं अलका चौकात जा. ढोल-ताशा ऐकून झाला की ओबी व्हॅन कुठे लागलीय ते शोधा आणि तिला आतल्या माणसांशी बोलू द्या. ती काय सांगते, ते मला कळवा.