पानं किती सांगायची?

प्रश्न : मागे एकदा तुम्ही ओझरतं लिहिलं होतं की, सासूबाईंना घेऊन तुम्ही श्रीवर्धनपासून मालवणपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने गेला होतात. आमच्याही मनात तेच आहे. पण आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार आणि पक्क्या शाकाहारी. सगळे म्हणतात, मासे खात नसाल तर कोकणात जाऊन करणार काय? तुमचा अनुभव सांगाल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, जरूर जा, आणि सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा.

आम्ही 2023 च्या मार्चमध्ये गेलो होतो. 4 तारखेला पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरलो आणि 11 ला कोल्हापूरमार्गे परतलो. माझ्या सासूबाई अकोल्याच्या. सारा जन्म ज्वारीची भाकर आणि तुरीच्या वरणावर गेलेला, मासा कधी ताटात आला नाही. पहिल्या रात्री श्रीवर्धनला सोलकढीची वाटी समोर आली, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "सूनबाई, हे ताक गुलाबी काहून?" नारळाचं दूध आणि आमसूल म्हटल्यावर त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. मालवणला पोचेपर्यंत त्या जेवायला बसताना आधी कढी आहे ना, एवढंच विचारायच्या.

तेव्हा मासे खात नसाल तर काय, या प्रश्नाचं माझं उत्तर त्या आठ दिवसांत ठरून गेलं. केळशी, आंजर्ले, गुहागर, हेदवी या पट्ट्यात घरगुती शाकाहारी खानावळी भरपूर आहेत. मार्चमध्ये फणसाच्या कुयरीची भाजी मिळते, ओल्या काजूंची उसळ मिळते, वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक मिळतात. खाली मालवणकडे आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ मागा. शिरवाळे मिळाले तर सोडू नका. तांदळाच्या त्या वाफाळत्या शेवया गुळाच्या गोड नारळरसात बुडवून खायच्या. सासूबाईंनी दोनदा मागून घेतल्या. माझे यजमान मासे खाणारे, त्यांनी हर्णै आणि मालवणला आपली हौस भागवून घेतली. एका टेबलावर दोन्ही सुखाने जमतं.

एक गोष्ट मात्र पाळाच. किनाऱ्यावरच्या घरांत जेवण तयार नसतं, ते तुमच्यासाठी रांधलं जातं. सकाळी फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "पानं किती?" किती माणसं, कोण काय खातं, किती वाजता, हे सांगायचं आणि ती वेळ पाळायची. आम्ही एकदा चुकलो. 7 मार्च, धुळवडीचा दिवस. आदल्या रात्री गुहागरला होळी पाहिलेली. सकाळी निघालो तर जागोजागी पालख्या, ढोल, आणि रस्त्यात आडवी उभी राहून शिमग्याचं पोस्त मागणारी पोरं. दहा-वीस रुपये द्यायचे, पोरं खूश, आपण पुढे. वेळणेश्वर करून हेदवीला पोचेपर्यंत अडीच वाजले. फोन करायचं राहूनच गेलं होतं. एका घराबाहेर जेवणाची पाटी होती, तिथे विचारलं. भांडी घासून पालथी घातलेली.

त्या घरच्या वहिनींनी सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, पिठी-भात चालेल का?"

वीस मिनिटांत ताटं आली. गरम भात, त्यावर कुळथाची पिठी, घरचं तूप, भाजलेला पोह्याचा पापड आणि लिंबाचं गोड लोणचं. पिठी म्हणजे कुळीथ भाजून दळलेलं पीठ. लसणाच्या फोडणीत पाणी घालायचं, आमसूल टाकायचं, आणि पाण्यात कालवलेलं पीठ सोडून रटरटू द्यायचं. आमच्या वऱ्हाडातल्या पिठल्याची ही सावळी, आंबटसर बहीण. सासूबाई कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. मग ताटातला शेवटचा घास पुसून घेत त्या वहिनींना म्हणाल्या, "बाई, तुह्या हाताले गोडी हाय." वहिनींनी जास्तीचे पैसे घेतले नाहीत, उलट सोबत परसातली चार जायफळं बांधून दिली. एवढ्या सगळ्या प्रवासातलं कुठलं जेवण आठवतं असं कोणी विचारलं, तर आम्ही तिघंही हेच सांगतो. तरी तुम्ही फोन करूनच जा. दुपारी अडीचला कुणाला पुन्हा चूल पेटवायला लावणं बरं नव्हे, त्याची रुखरुख मला अजून आहे.

गुडघ्यांचं म्हणाल तर आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी वर देवळाजवळ जाते. हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव सासूबाईंनी गाडीत बसून पाहिला, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत चढणं-उतरणं त्यांना झेपलं नसतं. त्या मालवणच्या बंदरावर सावलीत बसल्या, आम्ही दोघं आलटून पालटून जाऊन आलो. आणि खाडी ओलांडायच्या आधी प्रत्येक गावात त्यांना स्वच्छतागृहात नेऊन आणा. हे कुणी लिहीत नाही, पण वयस्कर बाईमाणूस बरोबर असेल तर दिवसाचं सुख यावरच असतं.

प्रश्न : श्रीवर्धन ते मालवण हे अंतर नकाशावर फार दिसत नाही. शनिवार-रविवार धरून तीन दिवसांत उरकेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : उरकायचं असेल तर मुंबई-गोवा महामार्गाने जा. किनाऱ्याचा रस्ता खाड्यांनी तोडलेला आहे. बागमांडल्याला सावित्री आडवी येते, दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री. तिन्ही ठिकाणी गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीत, घालून पलीकडे जायचं. पाण्यावरची दहा-पंधरा मिनिटं, पण जेटी समोरच्या काठावर असली तर ती येईपर्यंत थांबणं आलं. दाभोळहून धोपाव्याला जेटीने गेला नाहीत, तर गुहागरला जायला चिपळूणचा मोठा वळसा पडतो. मी ताशी 30 किलोमीटरचा हिशोब धरते. आमचं सगळं मिळून साडेनऊशेच्या आसपास किलोमीटर झालं, आणि सात मुक्काम लागले.

त्या थांबण्याचा मला कधी कंटाळा आला नाही. बागमांडल्यासमोरच्या वेसवीच्या बाजूला उतरताना सासूबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून खाऱ्या वाऱ्यात धरला होता, तेव्हा त्यांना घाई करायचा धीर मला झाला नसता. तीनच दिवस हातात असतील तर गुहागर ते रत्नागिरी एवढाच तुकडा करा. त्यात तवसाळ-जयगड जेटी आहे, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, आणि गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाताना आरे-वारेचा रस्ता आहे. तिथे टेकाडावर गाडी बाजूला घेऊन उतरा. दोन्ही बाजूंना दोन किनारे दिसतात. संध्याकाळी पाच नंतर गेलात तर उत्तम.

प्रश्न : तुमच्या लेखात ओल्या काजूंच्या उसळीचा उल्लेख होता. ते काजू कुठे मिळतात आणि घरी उसळ कशी करायची? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. रत्नागिरी आणि मालवणच्या बाजारात बायका सोललेले गर शेकड्यावर मोजून विकतात. महाग वाटतात, पण एकदा सोलताना पाहा. हिरव्या बीच्या सालीतला चीक हात भाजतो, कातडी सोलवटते. एक-एक बी चिरून गर काढणाऱ्या बाईची बोटं काळी पडलेली असतात. भाव करू नका.

गर गरम पाण्यात थोडा वेळ ठेवले की वरची तांबूस साल चिमटीत निघून येते. कांदा, ओलं खोबरं आणि थोडे धणे भाजून वाटण करा. फोडणीत कांदा परतून मालवणी मसाला, मग गर, पाणी, आणि गर मऊ झाले की वाटण. शेवटी गुळाचा खडा. गर मोडता कामा नयेत, दातांखाली आले पाहिजेत. हंगाम नसेल तर कोकणातून सालीसकट वाळवलेले काजूगर आणा आणि रात्रभर भिजत घाला.

सासूबाईंनी मालवणहून तसे अर्धा किलो वाळवलेले गर घेतले होते. अकोल्याला पोचल्यावर त्यांनी ते शिजवले नाहीत. वाड्यातल्या प्रत्येक शेजारणीला मूठ-मूठ वाटले, आणि कसे करायचे ते प्रत्येकीला दारात उभं राहून सांगितलं.